तीनशे चौऱ्याऐंशी कमी

सोमवार, १३ फेब्रुवारी २०१२
सकाळी ८.०५ ला शेड उघडली. आत ३४ अंश. पंखा लावला नाही, धूळ उडते.

मिस्टर व्हिटोल्स शनिवारी कामाच्या टेबलाजवळ पडले. मी एका ऑसिलोस्कोपला नवे कॅपॅसिटर बसवत होतो. मागे वळून पाहिलं तर ते जमिनीवर बसले होते, मुद्दाम बसल्यासारखे. म्हणाले, "हातातलं आधी संपव, सोल्डर थंड होईल." मी संपवलं नाही. ॲम्ब्युलन्स १९ मिनिटांत आली. तेवढ्या वेळात त्यांनी बेकरीच्या कागदी पिशवीवर मला तीन ओळी लिहून दिल्या:

१. म्हातारीचा वीजपुरवठा ठरल्याप्रमाणे बदल.
२. क्षणभरही बंद पडू देऊ नकोस.
३. शुक्रवारी अकराला आकडा. मला कळव.

खाली आणखी जागा होती, पण ॲम्ब्युलन्सवाले थांबेनात.

म्हातारी म्हणजे बुटांच्या खोक्याएवढी करडी पेटी. काम एकच, दहा व्होल्ट देत राहणं. १९७९ साली संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत ती पहिल्यांदा चालू झाली. पुढे त्यांनी ती मोडीत काढली, तेव्हा तिथेच नोकरीला असलेल्या मिस्टर व्हिटोल्सनी ती बॅटरीवर चालू ठेवून गाडीतून घरी आणली, बायकोच्या मांडीवर ठेवून. तेहेतीस वर्षांत ती एकदाही बंद पडलेली नाही. आमचा मोठा मीटर वर्षातून एकदा शहरात तपासून येतो. मधल्या काळात तो बहकला तर ते म्हातारीवरून कळतं.

मी इथे सहा वर्षं आहे. दहावीत शाळा सोडली, त्याच्या पुढच्या वर्षापासून. लोक जुनी मोजायची यंत्रं घेऊन येतात. आतलं जे म्हातारं झालं असेल ते काढून आम्ही नवं बसवतो, शेवटी काटा बरोबर जागी आणतो आणि परत देतो. बाकी सगळ्या यंत्रांना मी हात लावलेला आहे, फक्त म्हातारीला नाही.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी
९.५० ला दार बंद केलं, आतली हवा आणि तापमान स्थिर व्हावं म्हणून. ११.०० ला मोजलं. दहा व्होल्टला ३८४ कमी. (व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले ३८४. वहीत फक्त आकडा लिहायचा असतो.) इस्पितळात फोन केला.

"किती?"

"तीनशे चौऱ्याऐंशी."

"दार किती वेळ बंद होतं?"

"एक तास दहा मिनिटं."

"श्वास?"

"मोजताना रोखला होता."

"नंतर घेतलास ना? बघ हं. इथे माझ्या शेजारची खाट रिकामी आहे."

मला तो आकडा आवडत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. पहिल्या पानावर तो २९० आहे, आणि दर वर्षी दोन-तीननं वाढत गेलाय. तेहेतीस वर्षं दर शुक्रवारी ते आपल्या सुबक अक्षरात चूक लिहीत आलेत. शाळेत माझ्या वह्यांवर लाल शाईत जे लिहून यायचं त्याची आठवण होते. दुसऱ्यांची यंत्रं अचूक करून देणाऱ्या माणसाच्या घरातली पेटीच चुकते. त्यांचे हात थरथरतात. मला वाटतं म्हणूनच राहून गेलं असावं. मी कधी विचारलं नाही. दुखावले असते.

शनिवार, २५ फेब्रुवारी
इस्पितळात गेलो. १४.१० ते १५.३०. त्यांची मुलगी इल्झे तिथे होती. ती शाळेची बस चालवते, त्यामुळे मोठ्यानं बोलायची सवय आहे. तिनं खारवलेल्या मांसाचे छोटे पाव आणले होते, लाटव्हियन पद्धतीचे. मिस्टर व्हिटोल्सनी अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा मला दिला. "खा. वजन वाढव. वाऱ्यानं उडालास तर आकडा कोण घेणार?"

मग म्हणाले, "आता ऐक. घर विकायचं ठरलंय. शेडसकट."

"पप्पा, आजच सांगायला हवं होतं का?" इल्झे म्हणाली.

"मग कधी? त्याच्या लग्नात?" ते माझ्याकडे वळले. "विद्यापीठात प्रू हॅलम आहे. जुन्या पेट्या वर्षानुवर्षं कशा वागतात याचं काम तिथे सुरू होतंय. तिला म्हातारी हवी आहे. मी म्हणालो, पेटी एकटी येत नाही, तिची देखभाल करणाराही बरोबर येतो. ती हो म्हणाली. बारा एप्रिलला बघायला येईल."

"माझ्याकडे कुठलंच सर्टिफिकेट नाही, मिस्टर व्हिटोल्स."

"म्हणून तर. कागद पेटीकडे आहेत. तुला तिच्याबरोबर आंदण दिलंय असं समज. आणि गुनार म्हण रे मला. सहा वर्षं झाली."

"त्याला विचारलंत तरी का?" इल्झे म्हणाली.

"विचारलं असतं तर तीन दिवस विचार करत बसला असता."

बसमध्ये विचार केला. शेड गेल्यावर मला कुठे कोण घेईल हे मी याआधी तीनदा लिहून काढलंय, आणि तिन्ही वेळा यादी रिकामी आली. आई कोंबड्यांच्या कारखान्यात माझ्यासाठी विचारीन म्हणते. आता बारा एप्रिल आहे. त्या दिवशी म्हातारी उत्तम दिसली पाहिजे.

गुरुवार, ८ मार्च
पुरवठा बदलला. सुरू ८.४०, संपलं ११.००.

आधी आईच्या गाडीची बॅटरी आणि शेजारच्यांकडून मागून आणलेली एक, अशा दोन बॅटऱ्या जोडल्या. त्या म्हातारीला विजेचा पुरेसा दाब देतायत हे तीन वेळा तपासलं. मगच जुना पुरवठा सोडवला. त्यातले चार कॅपॅसिटर फुगलेले होते, एक पाझरलेला. फार तर दोन-तीन महिने टिकला असता. नवा पुरवठा मी जानेवारीत बनवला होता आणि सहा आठवडे नुसता चालवून पाहिला होता. तो जोडला, दहा मिनिटं थांबलो, मग बॅटऱ्या काढल्या. म्हातारी चालू आहे हे दाखवणारा दिवा संपूर्ण वेळ जळत होता. त्यावरची नजर मी एकदाही काढली नाही. शर्ट पिळून काढण्याइतका भिजला होता.

फोनवर सांगितलं. म्हणाले, "मला जमलं नसतं." ते असं कधी बोलत नाहीत.

शुक्रवार, ९ मार्च
३९१ कमी.

गेल्या शुक्रवारी ३८४ च होता. एका आठवड्यात सात. दार पुन्हा तासभर बंद ठेवलं, पुन्हा मोजलं. ३९१.

फोन केला तेव्हा माझा आवाज नीट नव्हता. ते म्हणाले, "नवा पुरवठा म्हणजे नवी चप्पल. चार-सहा आठवडे चावणारच. लिही आणि सोड."

"पण वाढलंय."

"वाढू दे की. लिही आणि सोड, पोरा."

मला बरं वाटावं म्हणून बोलतायत हे कळतं. चार-सहा आठवडे म्हणजे बारा एप्रिल येऊन जाईल.

बुधवार, १४ मार्च
म्हातारीचं माहितीपुस्तक मागच्या कपाटात सापडलं. पूर्ण वाचलं, दोनदा. पान ४१: मागच्या झाकणाखाली एक स्क्रू आहे, त्यानं दहा व्होल्ट बरोबर लावता येतात. आकृतीही आहे. स्क्रूवर लाल लाख लावलेली आहे. इतकी जुनी की तपकिरी झालीय.

आम्ही रोज हेच करतो. प्रत्येक यंत्राला असा एक स्क्रू असतो.

शुक्रवार, १६ मार्च
आजचा दिवस नीट लिहून ठेवायचा आहे.

९.५० दार बंद. ११.०० ला मोजलं: ३९०. नंतर लाख काढली, लाकडी काडीनं, ओरखडा न येऊ देता. २५ मिनिटं लागली. स्क्रू फिरवला, पाव-पाव आटा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबून. एकूण साडेतीन आटे. १४.४० ला मीटरवर दहा आणि पुढे सहा शून्यं. मी खुर्चीत बसून बराच वेळ नुसता पाहत राहिलो. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा.

१५.०० ला फोन केला. एरवी अकराला करतो, म्हणून ते काळजीत होते.

"किती?"

"शून्य."

"काय म्हणालास?"

"शून्य, मिस्टर व्हिटोल्स. बरोबर दहा. पान ४१ प्रमाणे. साडेतीन आटे."

मी मनात नऊपर्यंत मोजलं. फोन तुटला असं वाटलं, पण मागे ट्रॉलीचा आवाज येत होता.

"लाख काढलीस?"

"स्वच्छ काढली. ओरखडा नाही."

"हात थरथरला नाही?"

"अजिबात नाही."

मग म्हणाले, "बरं. हात चांगला आहे तुझा, लीथ. चांगलं काम केलंस."

नेहमी ते मला पोरा म्हणतात. आज लीथ म्हणाले. घरी सांगितलं तर आईनं लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळलेले चॉकलेट केक, आणले.

मंगळवार, २० मार्च
इल्झे त्यांच्या पायजम्यांसाठी घरी आली होती. शेडच्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"शुक्रवारी काय बोललास रे त्यांच्याशी?"

मी सांगितलं. तिला त्यातलं काही कळत नाही, तिनंच एकदा तसं सांगितलंय.

"रोज आलेखाचा कागद मागायचे. उशाखाली पट्टी असायची. आता म्हणतात नको. भिंतीकडे तोंड करून पडून असतात."

मी म्हणालो, आता आलेखाची गरजच नाही, रेष सपाट येणार. दर आठवड्याची ती कटकट संपली, आता विश्रांती घेत असतील.

तिनं पायजम्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "असेल," म्हणाली. "तू जेवलास का?"

शुक्रवार, ३० मार्च
आकडा: शून्य.

त्यांना गुरुवारी दुसरीकडे हलवलं. तिथे बाग आहे, खाटेजवळ यंत्रं नाहीत, नळ्या काढल्या आहेत, भेटायला वेळेचं बंधन नाही. म्हणजे सुधारणा आहे. इल्झेला तसं म्हणालो तर ती म्हणाली, "हो, बाग छान आहे."

शुक्रवार, ६ एप्रिल
गुड फ्रायडे. दुकानं बंद, तरी शेड उघडली. आकडा: १ कमी. फोनवर त्यांनी आकडा विचारलाच नाही, मला आपणहून सांगावा लागला. त्यांना विचारायचं होतं की मी दुपारी काय खातो, आणि आई अजून रात्रपाळी करते का. आवाज बारीक झालाय. त्या फोनमध्ये दोष असावा.

लाल लाख नवी आणून स्क्रूवर लावली. जुन्यासारखी दिसते.

गुरुवार, १२ एप्रिल
डॉक्टर हॅलम १०.१५ ला आल्या. पन्नाशीच्या असतील. बूट दाराबाहेर काढून आत आल्या. कुणीही सांगितलं नव्हतं, तरी. मी म्हातारीवरचं कापड काढलं, मीटर दाखवला. नव्या पुरवठ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हे तू केलंस? ती चालू असताना?" मी हो म्हणालो. "आमच्याकडे कुणाचंच हे धाडस झालं नसतं."

मग मी आकडा दाखवला. १ कमी. आणि आधी किती होता तेही सांगितलं, फरक कळावा म्हणून.

त्यांनी वही मागितली. पहिल्या पानापासून चाळली. शेवटच्या चार नोंदींवर बोट ठेवून थांबल्या.

"लीथ, हे कुणी तुला समजावून सांगितलं नाही का?"

"काय?"

त्या स्टुलावर बसल्या. अगदी सावकाश बोलल्या. पेटी किती चुकते याला महत्त्व नसतं, म्हणाल्या. जगातली प्रत्येक पेटी चुकते. ही कशी चुकत गेली ते एका माणसानं तेहेतीस वर्षं दर शुक्रवारी लिहून ठेवलं, आणि एकदाही तिला हात लावला नाही. पुढच्या वर्षी ती कुठे असेल हे वहीवरून सांगता यायचं. त्यांना ते हवं होतं. दहा व्होल्ट देणारी पेटी तर बाजारातही मिळते.

"म्हणजे आता..."

"आता ती सोळा मार्चला जन्मली."

मी विचारलं, माझं काय. लाज वाटली, पण विचारलं.

"ती जागा या नोंदींवर बेतलेली होती. नोंदी तुटल्या की कामातून पेटी गेली, आणि पेटीशिवाय मी तुला कोणत्या नावानं घेऊ? कागद मागतात रे ते." मग म्हणाल्या, "गुनारनं मला सतरा मार्चलाच फोन केला होता. शनिवारी, घरी. म्हणाला, पेटीचं जाऊ दे प्रू, पोराला घे. त्याच्यानंतर दोनदा केला. मी सगळीकडे विचारून पाहिलं. नाही जमलं."

सतरा मार्च. मी लॅमिंग्टन खाल्ले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

त्या ११.२० ला गेल्या. जाताना दारातून पुन्हा आत येऊन म्हणाल्या की पुरवठ्याचं काम खरोखर उत्तम आहे. मग बूट घातले.

शनिवार, १४ एप्रिल
त्यांच्याकडे गेलो. खूप बारीक झालेत. बागेकडची खिडकी उघडी होती. काय बोलायचं ते बसमध्ये लिहून नेलं होतं, पण कागद खिशातून काढलाच नाही.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"हं."

"मग ओरडला का नाहीत?"

"फोनवरून कान कसा पिळणार?"

मी हसलो नाही. ते म्हणाले, "चूक माझी. सहा वर्षं तुला आकडा दाखवला. तो का तसाच ठेवायचा हे सांगितलं नाही. मला वाटलं, दिसतंय की. माणसाला आपलं रोजचं काम सगळ्यांना दिसतंय असंच वाटतं."

मी म्हणालो, मी आटे मोजलेत. बरोबर साडेतीन, पाव-पाव करून. उलटे फिरवतो. ३८४ वर आणून ठेवतो, जुन्या रंगाची लाख लावतो, वहीतली पानं नवी लिहितो. मला तुमचं अक्षर काढता येतं. डॉक्टर हॅलमना सांगू की मोजण्यात गडबड झाली होती.

ते उठून बसायला लागले. जमत नव्हतं, तरी कोपरावर आले. सहा वर्षांत ते माझ्यावर कधी असे ओरडले नव्हते.

"ते मात्र करायचं नाही! कळलं? चुकलेलं चालतं. तेहेतीस वर्षं चाललंय. खोटं एक दिवससुद्धा नाही."

नर्स आली. त्यांना खोकला लागला होता. तिनं मला बाहेर थांबायला सांगितलं. मी बागेत २० मिनिटं उभा राहिलो. परत आत गेलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. जागे असावेत, कारण म्हणाले, "वहीत लिही. काय केलंस, किती वाजता, का केलंस. खाली सही कर."

"का केलं ते काय लिहू?"

"तुला माहीत असेल ते."

"आणि पुढे?"

"पुढे शुक्रवार आहे."

सोमवार, १६ एप्रिल
वहीत लिहिलं. चार वेळा कच्चं लिहून मग. "१६ मार्च २०१२, ११.३० ते १४.४०. मी, लीथ गॅरो, मागचा स्क्रू साडेतीन आटे फिरवला. नोंद इथे तुटते. कारण: पेटी चुकते आहे आणि कुणीतरी ती बरोबर करायची राहून गेली आहे असं मला वाटलं." सही केली.

एवढं लिहायला दोन तास दहा मिनिटं लागली.

शुक्रवार, २० एप्रिल
आकडा: १ कमी. फोन इल्झेनं घेतला. म्हणाली, "झोपलेत. सांग, मी कानात सांगते." मी सांगितलं. ती म्हणाली, "एक कमी, पप्पा." मग मला म्हणाली, "बोट हललं त्यांचं." ते खरं की माझ्यासाठी म्हणाली, माहीत नाही. विचारलं नाही.

सोमवार, २३ एप्रिल
मिस्टर व्हिटोल्स काल दुपारी गेले.

गुनार.

रविवार, २९ एप्रिल
अंत्यविधी शुक्रवारी लाटव्हियन हॉलजवळच्या चर्चमध्ये झाला. अकराला होता, त्यामुळे आकडा घेतला नाही. वहीत लिहिलं: "२७ एप्रिल. घेतला नाही. अंत्यविधी." कारण लिहिलंच पाहिजे.

जेवणाच्या वेळी इल्झे म्हणाली, "शेडमधलं बाकीचं लिलाववाला नेईल. पेटी आणि तो मोठा मीटर तू घेऊन जा. मी काय करू त्यांचं? बंद तर करता येत नाही म्हणे." मग तिनं माझ्या कॉलरवरची धूळ झटकली आणि जोरात म्हणाली, "आणि आता त्या कोंबड्यांच्या कारखान्यात नाक वर करून वावरू नकोस. तिथेही माणसंच आहेत."

शुक्रवार, ४ मे
मंगळवारपासून कारखान्यात आहे. पाळी पहाटे ५ ते दुपारी १. पट्ट्यावरून येणारे डबे वजन करून पुढे सरकवायचे. तिथला तराजू चार ग्रॅम जास्त दाखवतो. मुकादमाला सांगितलं. म्हणाला, "माहीत आहे, गड्या. सगळे चार वजा करतात."

म्हातारीला आणि मीटरला सोमवारी दोन बॅटऱ्यांवर घरी आणलं. माझ्या खोलीत कपाटाशेजारी ठेवलंय, भिंतीपासून दूर, कारण पलीकडे आईचं स्वयंपाकघर आहे आणि भिंत तापते. दिवा विझला नाही.

आकडा घ्यायला आता अकरा जमत नाहीत. वेळ तीन केली, वेळ बदलल्याचं वहीत लिहिलं. आज १.५० ला दार बंद केलं. आई बाहेरून म्हणाली, "लीथ, चहा हवाय का?" मी म्हणालो, तीननंतर.

३.०० ला मोजलं. २ कमी.

तासभर आणखी थांबून पुन्हा मोजलं. २ कमी.

स्क्रू समोरच होता. पाव आटासुद्धा लागला नसता. २ लिहिलं आणि सोडलं.